सिंटिलेटर पॅडल: बांधणी आणि तपासणी, योग्य क्रमाने

सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला म्यूऑन (वैश्विक किरणांतून तयार होणारे सूक्ष्म कण) टिपणारा डिटेक्टर बांधायला घेणारी मुलं आता भेटू लागली आहेत. त्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते. पॅडल, म्हणजे कण आतून गेला की चमकणाऱ्या सिंटिलेटर प्लास्टिकचा चपटा तुकडा, तयार होतं, काउंटर पळू लागतो, आणि मग पुस्तकातला आकडा जुळेपर्यंत व्होल्टेजचा नॉब फिरवला जातो. अशा रिपोर्टमधला आकडा पुस्तकाचा असतो, डिटेक्टरचा नव्हे. काउंटरवर पडलेला प्रत्येक आकडा आधी संशयित मानायचा आणि एकेक तपासणी करून त्याच्यावरचा संशय दूर करायचा. खालचा सगळा क्रम त्याचसाठी आहे.

न्यूट्रिनोच्या प्रयोगांशी याचा थेट संबंध आहे. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला सूक्ष्म कण क्वचितच कशाला धडकतो. आकाशातून येणारे म्यूऑन मात्र जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या दराने कोसळत असतात. म्हणून डिटेक्टरभोवती सिंटिलेटरचं कवच लावतात. त्यातून म्यूऑन गेला, की त्या क्षणाची नोंद बाद करता येते. मदुराईत ८५ टनांचा मिनी-आयकॅल, म्हणजे न्यूट्रिनोच्या मोठ्या डिटेक्टरचा छोटा नमुना, उभा आहे. त्याच्यासाठी आखलेल्या कवचाकडून अपेक्षा अशी, की १०,००० म्यूऑनमधले किमान ९,९९९ त्याने पकडावेत. कॉलेजात एवढं जमणार नाही, पण पद्धत तीच आहे.

आपण तीन पॅडल बांधणार आहोत: २० × २० सेंमीची दोन ट्रिगरसाठी (म्यूऑन आल्याची खूण देण्यासाठी) आणि ३० × ३० सेंमीचं एक चाचणीसाठी. जाडी तिन्हींची १ सेंमी, आणि प्रत्येकाला एक फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे मंद प्रकाशापासून विजेची पल्स बनवणारी पीएमटी.

१. जागा, वीज आणि हवा

सांगलीत तळमजला नको. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. गच्चीखालची खोली घेतलीत, तर पश्चिमेची खिडकी टाळा. एप्रिलच्या दुपारी तापलेली खोली आणि पहाटेची तीच खोली, यांत मोजणी वेगळी येते. साताऱ्याच्या पश्चिम भागात खरा त्रास पावसाळ्याचा. दमट हवेत हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर ओलावा धरतो, गळती सुरू होते आणि काउंटर उगीचच उड्या मारू लागतो. कनेक्टर कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जोडण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

जीएम (गायगर-म्युलर) काउंटरसोबत आलेला हाय व्होल्टेज पुरवठा इथे वापरायचा असेल, तर तो किती करंट देतो ते आधी बघा. पीएमटीच्या डिव्हायडरला (ट्यूबच्या टप्प्यांना व्होल्टेज वाटून देणाऱ्या सर्किटला) शे-दोनशे मायक्रोअँपिअर किंवा त्याहून जास्त लागू शकतो. तेवढा देण्याची पुरवठ्याची ताकद नसेल, तर भार पडताच व्होल्टेज खाली बसतं आणि पॅनेलवरचा आकडा निरर्थक ठरतो.

सावधान: नॉबचा साधा पुरवठा असेल, तर वीज गेल्या गेल्या नॉब शून्यावर आणा. वीज परत येताना पूर्ण व्होल्टेज एकदम पीएमटीवर आदळतं. यूपीएस असला तरी ही सवय सोडू नका. १,००० व्होल्टच्या आसपास काम आहे, तेव्हा पुरवठा चालू असताना ट्यूबच्या बेसला (मागच्या जोडणीला) हात लावायचा नाही आणि खोलीत एकट्याने काम करायचं नाही.

२. कापणी आणि कडा

प्लास्टिक सिंटिलेटर दिसतं अॅक्रिलिकसारखं, म्हणून लोक ते एमआयडीसीतल्या अॅक्रिलिकवाल्याकडे लेझर कटिंगला देतात. हे करू नका. लेझरने कड वितळते, आत ताण राहतो आणि काही दिवसांत कडेपासून बारीक भेगांचं जाळं आत सरकतं. बारीक दातांच्या करवतीने किंवा मिलिंगवर, हळू वेगात आणि पाण्याचा थंडावा देत कापून घ्या. कापताना वरचा संरक्षक कागद काढायचा नाही.

कडा ओल्या पॉलिश पेपरने घासा: ४००, ६००, १०००, २००० या क्रमाने. पुढचा पेपर घेण्याआधी कड धुवा. आधीच्या पेपरचा एक कण राहिला, तरी तो पुढच्या प्रत्येक फेरीत ओरखडा काढतो. दिशा दर वेळी काटकोनात बदला, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाहीत ते लगेच दिसतं. शेवटी मऊ कापडावर प्लास्टिकचं पॉलिश, तेही हलक्या हाताने, कारण घर्षणाने कड गरम झाली तर पुन्हा तोच ताण येतो.

सावधान: थिनर, अॅसिटोन किंवा अल्कोहोल सिंटिलेटरला लावू नका. पीएमटीची काच ज्या अल्कोहोलने स्वच्छ होते, तेच सिंटिलेटरची वाट लावतं. त्यासाठी सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. पृष्ठभागाला उघडा हात लागू देऊ नका आणि तुकडा उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली उघडा ठेवू नका.

तपासणी: पॉलिश केलेल्या कडेतून समोरच्या कडेपलीकडची छापील अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. अक्षरं धूसर दिसली, तर १००० पासून पुन्हा सुरुवात.

३. गुंडाळणी

आधी परावर्तक थर: टायवेक (कागदासारखा पांढरा प्लास्टिकचा पत्रा) किंवा साधी अॅल्युमिनियम फॉइल. तो सैल असावा, चिकटवू नये. प्रकाश सिंटिलेटरच्या आतल्या आत परतत पीएमटीपर्यंत जातो तो पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थरामुळे. डिंक किंवा चिकटपट्टी थेट पृष्ठभागावर लावली, की तिथून प्रकाश निसटतो. बऱ्याच जणांचं पॅडल इथेच निम्मं वाया जातं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते अगदी नीटनेटकं दिसतं.

त्यावर काळ्या कागदाचे किंवा जाड काळ्या प्लास्टिकचे दोन थर. पहिल्याचा सांधा एका बाजूला असेल, तर दुसऱ्याचा विरुद्ध बाजूला घ्या. कोपरा कापू नका. किराणा दुकानात पुडी बांधतात तसा दुमडा आणि मग काळी टेप लावा. गळती बहुतेक वेळा तीन पृष्ठभाग जिथे भेटतात त्या टोकातून आणि पीएमटीच्या गळ्यापाशी होते. टेपही पारखून घ्या: विजेची काही काळी टेप इतकी पातळ असते, की मोबाइलचा टॉर्च तिच्यातून लालसर दिसतो.

४. पीएमटी बसवणं

काच आणि सिंटिलेटरची कड यांच्यामध्ये ऑप्टिकल ग्रीसचा पातळ थर हवा. मधोमध एक थेंब ठेवून ट्यूब सरळ दाबा आणि किंचित फिरवा, म्हणजे हवा बाहेर जाते. बुडबुडा राहिला, तर पुसून पुन्हा लावा. ट्यूबचं वजन सांध्यावर येऊ देऊ नका, तिला स्वतंत्र आधार द्या. नाहीतर पॅडल उचलताना सांधा सुटतो आणि पल्स लहान होतात. मोजणी थोडीशीच घटत असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

ट्यूबला ऋण हाय व्होल्टेज असेल, तर फोटोकॅथोड (काचेच्या आतला, प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा थर) त्या व्होल्टेजवर असतो. मग अर्थ केलेली फॉइल काचेला टेकली, की काचेतून बारीक विसर्जन होऊन गोंगाट वाढतो. फॉइल गळ्यापासून दूर संपवा आणि मध्ये चांगलं इन्सुलेशन द्या.

हे सगळं होईपर्यंत हाय व्होल्टेज बंद. व्होल्टेज चालू असताना खोलीतला उजेड आत गेला, तर ट्यूब कायमची खराब होऊ शकते.

५. प्रकाशगळती

या पायरीवर घाई नको. ट्यूब उजेडात राहिली असेल, तर व्होल्टेज बंद असूनही तिचा अंधारातला गोंगाट काही तास वाढलेला राहतो. म्हणून बांधून झालेलं पॅडल अंधारात रात्रभर सोडा आणि तपासणी सकाळी करा.

खोलीत अंधार करा. पॅडलवर काळं कापड टाका. व्होल्टेज ५०-५० ने चढवत न्या आणि सिग्नल ऑसिलोस्कोपवर बघत रहा. पडदा एकदम पल्सनी भरून गेला, तर लगेच मागे या. सगळं शांत असेल, तर एक मिनिटाची मोजणी घ्या, खोलीतला दिवा लावून पुन्हा घ्या, मग कापड काढून पुन्हा. तिन्ही आकडे मोजणीच्या चढउताराच्या मर्यादेत सारखे आले पाहिजेत. ही मर्यादा म्हणजे मोजणीचं वर्गमूळ: १०,००० मोजणीला साधारण १०० इकडे-तिकडे.

आता मोबाइलचा टॉर्च. पॅडलभोवती बोटभर अंतरावरून तो हळूहळू फिरवा आणि दुसऱ्या कोणाला तरी काउंटर वाचत ठेवा. टॉर्च कोपऱ्यावर आला, की मिनिटाला काही हजार दाखवणारा काउंटर एकाएकी लाखांत जातो आणि टॉर्च दोन बोटं सरकला, की परत खाली येतो. तिथे पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा. टेप लगेच लावू नका. आधी पूर्ण फेरी मारून सगळ्या खुणा करा, व्होल्टेज शून्यावर आणा, मग टेप लावा. एकेक छिद्र बुजवत गेलं, की मोठ्या छिद्रामागे लपलेलं लहान छिद्र सुटून जातं.

तपासणी: टॉर्चच्या पूर्ण फेरीत मोजणी कुठेही हलली नाही, तरच पुढे जा. ‘थोडी गळती आहे, पण रात्री मोजू’ म्हणून पुढे जाऊ नका. रात्रीही कोणीतरी व्हरांड्यातला दिवा लावतंच.

६. केबल आणि पल्स

म्यूऑनची पल्स स्कोपवर खाली जाते, काही नॅनोसेकंदांत तळ गाठते आणि जरा सावकाश वर येते. स्कोपचं इनपुट ५० ओहमवर हवं, किंवा बाहेरून ५० ओहमचं टर्मिनेटर. ते विसरलं, तर केबलच्या टोकावरून पल्स परत येते आणि एका म्यूऑनचे दोन मोजले जातात. ओळखायची खूण सोपी: मूळ पल्सच्या मागे ठराविक अंतरावर छोटी पल्स दिसते आणि केबल बदलली, की ते अंतरही बदलतं. आरजी-५८ केबलला मीटरमागे ५ नॅनोसेकंद धरा.

डिस्क्रिमिनेटर हे सर्किट ठराविक उंचीहून मोठ्या पल्सच पुढे सोडतं; ती उंची, म्हणजे थ्रेशोल्ड, एकदा ठरवा (३० मिलिव्होल्टपासून सुरुवात चालेल), वहीत लिहा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. व्होल्टेज आणि थ्रेशोल्ड दोन्ही एकदम हलवणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतच नाही.

७. कोइन्सिडन्स जुळवणं

तिन्ही पॅडल एकावर एक ठेवा: ट्रिगर वर आणि खाली, त्यांच्यात २० सेंमी अंतर, चाचणीचं मधोमध. डिस्क्रिमिनेटरच्या पल्स १०० नॅनोसेकंद रुंद ठेवा. एकाच्या केबलची लांबी कमी-जास्त करत कोइन्सिडन्सची (पॅडलच्या पल्स एकाच वेळी येण्याची) मोजणी काढा आणि विलंबाविरुद्ध आलेख मांडा. मधे सपाट माथा दिसेल. तुमचा विलंब त्या माथ्याच्या मध्यावर हवा. कडेवर असलात, तर तापमानाने वेळ थोडी सरकली तरी मोजणी पडते.

८. प्लॅटो

बहुतेक रिपोर्ट इथे चुकतात. एकट्या पॅडलची मोजणी व्होल्टेजविरुद्ध मांडून लोक सपाट भाग, म्हणजे प्लॅटो, शोधतात, आणि तो सापडत नाही. सापडणारही नाही. म्यूऑन १ सेंमी सिंटिलेटरमध्ये साधारण २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा सोडतो. विटा, सिमेंट आणि मातीतल्या पोटॅशियम-४० चे गॅमा किरण १.४६ एमईव्हीचे असतात, आणि थोरियमच्या साखळीतले २.६ एमईव्हीपर्यंत जातात. व्होल्टेज वाढवाल तसे हे गॅमा आणि ट्यूबचा स्वतःचा गोंगाट थ्रेशोल्ड ओलांडत राहतात, त्यामुळे एकट्याची मोजणी चढतच जाते. अशा चढावर मनाजोगा आकडा देणारा बिंदू कुठेतरी हमखास मिळतो, आणि लोक तिथे थांबतात.

योग्य रीत अशी: ज्याचा प्लॅटो काढायचा ते पॅडल मधे ठेवा आणि बाकी दोन कुठल्यातरी व्होल्टेजवर स्थिर करा. मधल्याचं व्होल्टेज २५ व्होल्टच्या पायरीने वाढवत दोन आकडे घ्या: बाहेरच्या दोघांचा कोइन्सिडन्स आणि तिघांचा कोइन्सिडन्स. तिघांचा भागिले दोघांचा, हे गुणोत्तर मांडा. ते आधी झपाट्याने वाढेल, मग वळेल, मग सपाट होईल. वळणाच्या ५० व्होल्ट पुढे कामाचं व्होल्टेज ठरवा. त्याहून पुढे गेल्यास गुणोत्तर वाढत नाही, वाढतो तो फक्त गोंगाट.

मग तेच पॅडल बाहेर आणि बाहेरचं मधे, असं तिघांसाठी करा. लहान पॅडल मधे असेल तेव्हा गुणोत्तर १०० टक्क्यांजवळ जाणार नाही, कारण तिरके म्यूऑन त्याच्या बाजूने निसटतात. आपल्याला हवा तो वक्राचा आकार, म्हणून हे चालतं. एक फेरी झाली, की नव्या व्होल्टेजवर दुसरी फेरी करून वळणं जागेवर आहेत ना ते बघा.

सावधान: पुस्तकातला दर या टप्प्यावर समोर ठेवू नका. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे वैश्विक किरण जास्त अडवतं, वरचा स्लॅबही थोडे अडवतो. त्यामुळे युरोपातल्या प्रयोगशाळेचा आकडा इथे जसाच्या तसा यायचं कारण नाही.

९. खोटे कोइन्सिडन्स

दोन पॅडल स्वतंत्रपणे गोंगाट करत असतील, तर कधीतरी ते योगायोगाने एकदमच बोलतात. असे खोटे कोइन्सिडन्स सेकंदाला किती, ते काढायचं सूत्र: २ × पहिल्याचा दर × दुसऱ्याचा दर × पल्सची रुंदी. दर सेकंदाला २०० आणि रुंदी १०० नॅनोसेकंद असेल, तर उत्तर ०.००८. या मांडणीत खरे म्यूऑन सेकंदाला दीड-दोन येतात, म्हणजे खोटे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आता प्रकाशगळतीमुळे दोन्ही दर २०,००० झाले असं धरा. खोट्यांचा आकडा थेट ८० वर जातो. ‘कोइन्सिडन्स लावला, आता गळतीचं काय’ असं म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा.

नुसत्या हिशोबावर विसंबू नका, मोजा. गेट-डिले मॉड्यूलने एका पॅडलचा सिग्नल ३०० नॅनोसेकंद उशिरा सोडा आणि कोइन्सिडन्स मोजा. जे येईल ते सगळं खोटं. हिशोब आणि मोजणी जुळली नाही, तर कुठेतरी विजेचा खटका दोन्ही पॅडलमध्ये एकदम शिरतोय. पंखा, ट्यूबलाइटचा चोक, शेजारच्या खोलीतलं वेल्डिंग हे एकेक बंद करून बघा.

दुसरी तपासणी त्याहून सोपी: सगळी रचना आडवी करा, म्हणजे पॅडल उभे राहतील आणि त्यांची रांग क्षितिजाला समांतर होईल. म्यूऑनची तीव्रता ढोबळपणे उभ्या रेषेशी असलेल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटते, त्यामुळे मोजणी खूप खाली यायला हवी. ती जवळजवळ तशीच राहिली, तर तुम्ही म्यूऑन मोजतच नव्हता.

१०. कार्यक्षमता

आता खरा आकडा. चाचणीचं पॅडल मधेच हवं, टोकाला नको. टोकाला ठेवलं, तर दोन ट्रिगरमधून तिरपा गेलेला म्यूऑन त्याला न शिवताच निघून जातो आणि दोष पॅडलवर येतो. मधल्याचा आकार ट्रिगरपेक्षा मोठा घेतला तोही याचसाठी: मांडणी सेंटिमीटरभर सरकली, तरी फरक पडत नाही.

ट्रिगर १०,००० आले आणि त्यांतले ९,८०० मधल्याने पाहिले, तर कार्यक्षमता ९८ टक्के आणि अनिश्चितता ०.१४ टक्का. (कार्यक्षमता × अकार्यक्षमता ÷ ट्रिगर, याचं वर्गमूळ.) दोन तासांच्या आत हे होतं. लक्षात ठेवा, खोटे ट्रिगर अर्धा टक्का असतील, तर मधलं पॅडल निर्दोष असलं तरी आकडा ९९.५ च्या वर जाणार नाही. मदुराईसारखं ९९.९९ पाहायचं असेल, तर पल्स अरुंद कराव्या लागतील आणि ट्रिगरला आणखी एखादं पॅडल जोडावं लागेल. शिवाय १०,००० ट्रिगर अपुरे पडतील, कारण तेवढ्यांत सरासरी एकच म्यूऑन हुकेल. शून्य हुकले काय आणि तीन हुकले काय, त्यावरून काही ठरत नाही. दहा लाख ट्रिगर घेतले, की हुकलेले शंभराच्या आसपास असतील. त्याला या मांडणीत सहा-सात दिवस सलग मोजणी हवी, आणि तेवढे दिवस वीज टिकवायची हे आपल्याकडे खरं आव्हान.

मग ट्रिगर सरकवून मधल्याचे चारही कोपरे वेगवेगळे तपासा. पीएमटीपासूनच्या लांबच्या कोपऱ्यात आकडा घसरला, तर दोष पॉलिशचा किंवा गुंडाळणीचा. सगळीकडे सारखाच कमी असेल, तर ग्रीसचा सांधा बघा.

पीएमटीऐवजी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (तेच काम करणारी छोटी चिप) वापरत असाल, तर टप्पे तेच, फक्त तापमानाची नोंद सक्तीची. त्याचं ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो पल्स देऊ लागतो) अंशामागे साधारण ५० मिलिव्होल्टने सरकतं. सांगलीच्या उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांत १५ अंशांचा फरक पडला, तर पाऊण व्होल्टचा बदल झाला, आणि कामाचं व्होल्टेज ब्रेकडाउनहून मुळात तीनेक व्होल्टच जास्त असतं. तापमानानुसार व्होल्टेज सुधारणारं सर्किट नसेल, तर दुपारी आणि पहाटे घेतलेले आकडे एकत्र करू नका.

प्रत्येक मोजणीसोबत वहीत वेळ, व्होल्टेज, थ्रेशोल्ड, खोलीचं तापमान आणि शक्य असेल तर हवेचा दाब लिहा. दाब वाढला, की म्यूऑन किंचित घटतात. ही घट वहीत दाब नसेल तर डिटेक्टरचा बिघाड वाटते. डिटेक्टर महाबळेश्वरला नेऊन उंचीमुळे होणारी वाढ मोजायची असेल, तर घाटातल्या धक्क्यांनी ग्रीसचे सांधे आणि कोपऱ्यांची टेप हलणार हे गृहीत धरा. वर पोचल्यावर आधी टॉर्चची फेरी, मग प्लॅटोवरचे तीन बिंदू, आणि ते जुळले तरच मोजणी सुरू करा.